शेकाट्याचा पांढरा, शेकाट्याचा काळा: पाणथळीवरच्या एक्स्पोजरच्या नोंदी

७ नोव्हेंबर

या हंगामात एकाच पक्ष्यावर काम करायचं ठरवलं आहे: शेकाट्या. मान, छाती, पोट पांढरं. पाठ आणि पंख काळे. डोळा लाल, पाय लांबलचक आणि गुलाबी. उथळ पाण्यात सावकाश चालत किडे टिपतो, त्यामुळे फोटोला वेळ देतो. पण सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद असे दोन्ही रंग एकाच अंगावर असल्याने एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याची, इतकी कडक परीक्षा क्वचितच कुणी घेतं. मला हवं आहे ते असं: एकाच फ्रेममध्ये छातीवरच्या पिसांच्या कडा सुट्या दिसाव्यात आणि पंखावरची हिरवट झाकही यावी.

सामान: ४०० मिलिमीटरची एफ/५.६ लेन्स, लेन्सची पोच वाढवणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर, जमिनीवर ठेवायला बीन बॅग, खाली अंथरायला ताडपत्री. कन्व्हर्टर लावला की एक स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) आणि लेन्स एफ/८ची होते. हा खर्च पुढच्या प्रत्येक हिशेबात धरावा लागणार आहे. सगळं रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद.

आज कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र मी ठरवते, शटर कॅमेरा) ठेवला आणि मीटरिंग पूर्ण फ्रेमचं. निकाल: पाणकणसांचं गडद प्रतिबिंब मागे असताना छाती पूर्ण जळाली. तोच पक्षी आभाळ पडलेल्या चकचकीत पाण्यात गेला, तर मळकट राखाडी आला. ऊन तेच, पक्षी तोच, मधे जेमतेम दोन-तीन मिनिटं. मीटरला समोरचं पांढरं की काळं हे कळत नाही. फ्रेममधलं सगळं तो मध्यम राखाडीकडे ओढतो. फ्रेमचा मोठा भाग गडद असला की तो जास्त उजेड घेतो आणि मधला छोटा पांढरा पक्षी त्यात जातो. पांढऱ्या पक्ष्याला प्लस कॉम्पेन्सेशन द्या, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा जास्त उजेड घ्या, असं सर्रास सांगितलं जातं. पक्ष्याने फ्रेम भरली असेल तेव्हाच ते खरं. लांबच्या पांढऱ्या पक्ष्यामागे गडद पाणी असेल तर उलट मायनसमध्ये जावं लागतं.

९ नोव्हेंबर

दिवसभर कॉम्पेन्सेशनवर काम. गडद पाण्यासमोर उणे १ ते उणे १ २/३ बरोबर बसलं. चकचकीत पाण्यासमोर अधिक २/३. आकडे चुकीचे नाहीत, पण पक्षी एका जागी थांबत नाही. दर काही पावलांनी मागची पार्श्वभूमी बदलते आणि अंगठा डायलवर फिरत राहतो. तेवढ्यात चोचीत किडा आलेला क्षण निघून जातो.

स्पॉट मीटरिंगही करून पाहिलं. ठिपका छातीवर असेपर्यंत ठीक. पक्षी वळला, ठिपका काळ्या पंखावर सरकला, आणि पुढची सगळी रांग जळून पांढरी. दोन्ही सोडले.

१४ नोव्हेंबर

मॅन्युअल, म्हणजे सगळं सेटिंग हाताने. इथून पुढे हेच.

पार्श्वभूमी कितीही बदलो, पक्ष्यावर पडणारं ऊन तेवढंच असतं. मग सेटिंग पार्श्वभूमीमागे का पळवायचं? स्वच्छ उन्हाचा जुना नियम आहे: अ‍ॅपर्चर एफ/१६, आणि शटर सेकंदाच्या आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याइतक्या भागाचं. आयएसओ ४००ला एफ/१६वर १/४००, म्हणजेच एफ/८वर १/१६००. पांढऱ्या पक्ष्यासाठी यातून साधारण एक स्टॉप कमी करायचा: एफ/८वर १/३२००. हा आकडा ऊन चांगलं वर आल्यावरचा. कोवळ्या उन्हात उजेड बराच कमी असतो, तिथे मोजूनच घ्यावं लागतं.

मोजायला छोटा बगळा कामी आला. तो काठाशी बराच वेळ स्थिर उभा राहतो, आणि त्याच्यावर तेच ऊन पडलेलं असतं. बगळ्याचे फोटो घेत शटर एकेक तृतीयांश स्टॉपने सावकाश करत जायचं. छातीवर जळल्याची लुकलुक (जळालेला भाग पडद्यावर उघडझाप करतो ती) दिसू लागली की एक ते दोन तृतीयांश मागे यायचं. तेच सेटिंग शेकाट्याला. सकाळी पहिला तासभर दर दहा मिनिटांनी हे पुन्हा करावं लागतं, कारण सूर्य चढताना उजेड भराभर वाढतो. ऊन स्थिरावलं की तासभर डायलला हातही लागत नाही.

ढगांचे तुकडे ये-जा करत असतील तर मात्र मॅन्युअल जड जातं. त्या वेळी शटर आणि अ‍ॅपर्चर बांधून आयएसओ ऑटोवर सोडते. मीटर पुन्हा मधे येतो, म्हणून कॉम्पेन्सेशन उणे १.

१६ नोव्हेंबर

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (गडद ते उजळ छटांचा आलेख) आणि ती लुकलुक रॉवरून येत नाही, आतल्या जेपेगवरून येते. माझी पिक्चर स्टाइल भडक होती, कॉन्ट्रास्ट चढवलेला. त्यामुळे लुकलुक गरजेपेक्षा आधीच दिसायची आणि मी अकारण अंधारं शूट करत होते. स्टाइल न्यूट्रल केली, कॉन्ट्रास्ट सगळ्यात खाली. पडद्यावरचा फोटो निस्तेज दिसतो, पण माहिती खरी मिळते.

घरी सावलीत ठेवलेल्या पांढऱ्या टॉवेलवर चाचणी घेतली: एक तृतीयांश स्टॉपच्या अंतराने फोटो, मग रॉ उघडून कुठपर्यंत टॉवेलची वीण परत येते ते पाहिलं. माझ्या कॅमेऱ्यात लुकलुक सुरू झाल्यावरही साधारण दोन तृतीयांश स्टॉप शिल्लक असतो. प्रत्येक कॅमेऱ्याचं हे अंतर वेगळं. ही चाचणी तासाभराचं काम आहे, आणि हा सगळा उद्योग सुरू करण्याआधी करण्यासारखं हेच आहे.

२२ नोव्हेंबर

पहिल्या सोनेरी उजेडातले फोटो. पक्ष्यावर दिसत होता तो रंग विलक्षण होता, पडद्यावर हिस्टोग्रामही ठाकठीक. संगणकावर उघडले तर छातीच्या मध्यभागी सपाट, मलईच्या रंगाचा डाग. त्यात एकही पीस नाही. हायलाइटचा स्लायडर खाली ओढला तर डाग मळकट होतो, पीस येत नाही.

कारण शोधण्यात संध्याकाळ गेली. मी पाहत होते तो एकत्रित उजेडाचा हिस्टोग्राम. कोवळ्या उन्हात लाल रंग सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे लाल चॅनेल इतर दोघांच्या आधी काठाला जाऊन कापला जातो. एकत्रित आलेखात ते दिसतच नाही. आता लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगळे दिसतील असं ठेवलं आहे आणि सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात लाल आलेखाच्या उजव्या काठावरच नजर असते. या उजेडात नेहमीपेक्षा आणखी एक तृतीयांश स्टॉप कमी.

त्या दिवशीच्या फोटोंपैकी वाचले ते पक्षी सावलीकडे वळलेला असतानाचे.

२९ नोव्हेंबर

पूर्ण ढगाळ. अनेक जण अशा दिवशी कॅमेरा बाहेर काढत नाहीत. शेकाट्यासाठी याहून चांगला उजेड नाही. सावल्या मऊ, पांढरा आणि काळा दोन्ही सेन्सरच्या आवाक्यात. आयएसओ १६००, एफ/८, १/८००. छाती जळत नाही तिथपर्यंत हिस्टोग्राम उजवीकडे नेला आणि घरी थोडा खाली आणला. जास्त उजेड गोळा केला की गडद भागात नॉइज (दाणेदार ठिपके) कमी येतो. अंधारं घेऊन नंतर उजळ केलं की तोच नॉइज वर येतो. आयएसओ १६००चा नीट उजळ फोटो आयएसओ ४००च्या अंधाऱ्या फोटोपेक्षा स्वच्छ निघाला. आयएसओला घाबरून शटर किंवा उजेड कमी करणं बंद.

६ डिसेंबर

काळ्या पंखाचं काय?

उन्हात पांढरं सांभाळून एक्स्पोजर घेतलं की पंख खोल काळोखात जातो. एडिटिंगमध्ये शॅडोचा स्लायडर ८०पर्यंत नेला. पंख उजळला, पण राखाडी झाला आणि त्यावर जांभळट ठिपके आले. ठिपके घालवायला नॉइज रिडक्शन लावलं, तर पिसांच्या रेषा पुसून पंख प्लास्टिकचा दिसू लागला. मग मास्क करून फक्त पंख उजळला. ३०पर्यंत चालतं, त्यापुढे पंख अंगापासून सुटा, चिकटवल्यासारखा वाटतो. ब्लॅकचा बिंदू खाली ठेवला तरच काळा काळा राहतो.

पण यावरचं खरं उत्तर संगणकावर नव्हतं. नराच्या पंखावरची हिरवट चमक विशिष्ट कोनातच दिसते. सूर्य माझ्या पाठीशी असताना पक्षी थोडा तिरका वळला की पंखाची वरची बाजू ऊन पकडते आणि पिसांच्या ओळी आपोआप उजळतात. त्या एका फ्रेममध्ये पंख आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा स्टॉपभर तरी उजळ आहे, एक्स्पोजर तेच असताना. मग कामाची पद्धत बदलली: पांढऱ्यासाठी सेटिंग बांधून ठेवायचं आणि काळ्यासाठी पक्षी वळण्याची वाट पाहायची. तो दर काही पावलांनी वळतोच. मादीची पाठ तपकिरी छटेची असते, तिथे चमक शोधण्यात अर्थ नाही. तिच्या फोटोत तो तपकिरी रंग राखणं महत्त्वाचं. सगळ्यांना एकाच प्रीसेटने काळं केलं की नर-मादी ओळखू येत नाहीत, हा तोटा माझ्या लेखी मोठा आहे.

१३ डिसेंबर

आज अख्खी सकाळ वाया. आठनंतरचा एकही फोटो टोकदार नाही. आधी कन्व्हर्टरवर संशय, मग फोकसवर. दोन्ही निर्दोष. स्थिर उभ्या पक्ष्याच्या एकामागोमाग घेतलेल्या फ्रेम शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं: एकीत चोच सरळ, दुसरीत तिला बारीक लहर, तिसरीत टोक जाड. गाळ तापून वर येणाऱ्या हवेची ही थरथर. मी जमिनीला टेकून शूट करते, म्हणजे सगळं अंतर त्याच तापलेल्या थरातून पाहते. शटर वाढवून हे जात नाही, शार्पनिंगने तर लहरी ठळक होतात. उपाय दोनच: अंतर कमी करणं किंवा वेळ बदलणं. अंतर मी कमी करणार नाही, पक्षी अस्वस्थ होतात. त्यामुळे पहाट आणि ढगाळ दिवस.

जमिनीलगत झोपायचं मात्र सोडणार नाही. डोळ्याच्या पातळीवरून पार्श्वभूमी लांब जाते, धूसर होते आणि पक्षी तिच्यावर सुटा दिसतो.

२० डिसेंबर

उडताना: १/२५००, एफ/८, आयएसओ मोजून. मॅन्युअलचा खरा फायदा इथे दिसतो. पक्षी झाडांसमोरून आभाळासमोर जातो, एक्स्पोजर हलत नाही. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं. सेन्सर ओळी-ओळींनी वाचला जातो, त्यामुळे पंख मधेच वाकलेले आले. उडणाऱ्या पक्ष्यासाठी मेकॅनिकल शटर, चालणाऱ्यासाठी इलेक्ट्रॉनिक.

८ जानेवारी

एडिटिंग. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर छातीवर टेकवला की एका क्लिकमध्ये पांढरं निर्मळ होतं, आणि पहाटही जाते. सूर्योदयाचा फोटो दुपारचा दिसतो. आता ड्रॉपर वापरते तो फक्त उलटी खूण म्हणून: तटस्थ आकडा कुठे आहे ते पाहायचं, मग प्रत्यक्ष जे दिसत होतं तिकडे परत यायचं. सगळे फोटो ५२०० केल्व्हिनवर बांधून सुरुवात केली की पहाटेची ऊब आणि ढगाळ दिवसाचा निळसरपणा आपापल्या जागी राहतो.

बाकी क्रम: आधी एकूण एक्स्पोजर, मग हायलाइट थोडा खाली, मग पंखाचा मास्क, शेवटी शार्पनिंग. टेक्स्चर छातीवर अगदी थोडं. जास्त झालं की मऊ पिसं भरड वाटतात. शार्पनिंगमुळे गडद पाण्यासमोर छातीच्या कडेने पांढरी रेघ उमटत होती. मास्किंग वाढवूनही गेली नाही. त्रिज्या कमी केल्यावर गेली. नॉइज रिडक्शन फक्त पाण्यावर.

पायांनी वेगळा त्रास दिला. व्हायब्रन्स वाढवल्यावर माझ्या पडद्यावर पाय छान गुलाबी, पण एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्टीत काढलेल्या फाइलमध्ये ते सपाट लाल पट्ट्या. सांधा आणि खवले गायब. तो रंग त्या रंगपट्टीत मावतच नव्हता. व्हायब्रन्स शून्यावर आणून लाल रंगाची तीव्रता उलट किंचित कमी केली, तेव्हा गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यावरच्या सुरकुत्या परत आल्या.

१५ जानेवारी

आठवड्याचं काम पुन्हा करावं लागलं. रात्री अंधाऱ्या खोलीत, पडद्याची चमक पूर्ण ठेवून एडिट केलेले सगळे फोटो दुसऱ्या पडद्यांवर अंधारे दिसत होते. चमकदार पडद्यावर आपण नकळत फोटो खाली खेचतो. पडदा आता कॅलिब्रेट करून १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणला आहे आणि खोलीत मागे मंद दिवा. हिस्टोग्राम उघडा ठेवूनच काम.

२ फेब्रुवारी

जागेचा प्रश्न. बर्स्टमुळे, म्हणजे एका दमात घेतलेल्या फ्रेममुळे, हार्ड डिस्क भरत आली. निवडलेली फ्रेम ठेवून बाकी पुसायचं असं ठरवत होते. मग विचार बदलला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१७ साली गौरवलेला मुंगीखाऊचा फोटो २०१८ मध्ये बाद झाला. प्राणी पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. फोटो खरा आहे हे दाखवायला त्याच्या आगेमागच्या फ्रेम लागतात. शिवाय स्पर्धांमध्ये मूळ रॉ मागतातच. आता निवडलेल्या प्रत्येक फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या काही रॉ फ्रेम ठेवते, बाकीच्या पुसते. अर्ध्याहून अधिक जागा मोकळी झाली.

याच दिवशी एक निर्णय. सगळ्यात चांगल्या फोटोत छातीसमोरून एक गवताची काडी गेली आहे. पुसायला अर्धं मिनिट लागतं. पुसणार नाही. क्रॉप, उजेड, रंग, सेन्सरवरची धूळ इथपर्यंत माझा हात. तिथे जे होतं ते काढायचं नाही, नव्हतं ते घालायचं नाही. काडीवाला फोटो तसाच संग्रहात.

२७ मार्च

काम थांबवलं. जोडी डोक्यावर घिरट्या घालत ‘किक-किक-किक’ करत राहिली, मग त्यातला एक थोड्या अंतरावर पंख पाडून लंगडत चालू लागला. याचा अर्थ जवळपास घरटं आहे आणि मी फार जवळ आहे. शेकाट्याचं घरटं म्हणजे उघड्यावरचा उथळ खळगा, साधारण चार अंडी, मातीच्याच रंगाची. सहज पायाखाली येतील. उन्हात अंडी तापू नयेत म्हणून आई-बाप पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन त्यांवर बसतात. मी तिथे असेपर्यंत ते येणार नाहीत आणि अंडी उन्हात राहतील. आल्या पावली, त्याच वाटेने मागे फिरले. त्या भागात पिल्लं उडेपर्यंत जाणार नाही, घरट्याचा फोटो नाही, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलमधून जीपीएसची नोंद काढून टाकली आहे. लेन्स कितीही लांबची असली तरी पक्षी ओरडायला लागला की अंतर कमी पडलेलं असतं.

१९ एप्रिल

प्रिंटची चाचणी. पडद्यावर ठाकठीक दिसणारी छाती कागदावर मधेच कोरी. २५५ला पोचलेल्या भागावर प्रिंटर शाईच टाकत नाही, तिथे उघडा कागद दिसतो. तिरकं धरलं की तो तुकडा वेगळा ओळखू येतो. सर्वांत उजळ पीस २४५च्या आसपास आणून पुन्हा काढलं. आता कडा सलग दिसतात, पांढऱ्यात फिकट निळसर छटाही आली.

काळ्या पंखाचं अजून जमलेलं नाही. मॅट कागद शाई शोषतो आणि खालच्या तीन-चार छटा एकत्र होतात. हिरवी झाक पूर्ण गेली. पंखाचा मास्क आणखी १० ने उजळ करून तीच फाइल मॅटवर आणि चकचकीत कागदावर शेजारी-शेजारी काढायची आहे. ढगाळ दिवसाच्या फोटोंपासून सुरुवात करेन, त्यांत पंखाला सर्वांत जास्त वाव आहे.